चौतीस किलो

इंदूअक्कांच्या गच्चीवर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी आधी माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवला.

"एकतीस ग्रॅम," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना फार झालं की हो हे."

चष्म्याशिवाय मला माझी बायकोही नीट दिसत नाही. तरी पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत काहीतरी लांबलचक आडवं ठेवलंय एवढं कळत होतं. चष्मा परत मिळाल्यावर दिसलं ते असं: पातळ लाकडी पट्ट्या आणि वाफेवर वाकवलेल्या वेताच्या फासळ्या, सगळं दोऱ्याने एकमेकांना बांधलेलं. सोळा फूट लांब, मध्ये जेमतेम दोन फूट रुंद. एकही खिळा नाही.

पुण्याहून बंगळूरला बदली होऊन मला चार दिवस झाले होते. बनशंकरीत अक्कांच्या घराचा पहिला मजला आम्ही भाड्याने घेतला होता आणि मी वर गेलो होतो तो कपड्यांची दोरी बांधू का, एवढं विचारायला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"होडी."

"इथे? इथून समुद्र कुठल्या कुठे!"

"ब्लाउज दुकानात शिवतात, लग्नाच्या मांडवात शिवत नाहीत. स्वल्प सरका, पुणेकर, तुमचा पाय दोऱ्यावर आहे."

त्या दिवसापासून मी पुणेकर झालो तो झालोच. माझं नाव मिलिंद आहे हे त्यांना माहीत होतं; भाडेकराराच्या कागदावर त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

अक्का तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. बुटक्या, आडव्या बांध्याच्या, केस अगदी बारीक कापलेले. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. त्यांचं घराणं शिंप्यांचं. किती पिढ्यांपूर्वी या गावात आलं ते त्यांनाही सांगता येत नसे. "आम्ही इथलेच," एवढंच म्हणत. मराठी घरात बोलायची, कन्नड बाकी सगळीकडे, आणि दोन्हींच्या मध्ये भिंत घालायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. जयनगरला त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. आता ते एक जुनी कारागीर बाई चालवत होती आणि अक्का आठवड्यातून दोनदा फक्त कापायला जात. बाईने आत पाऊल टाकलं की टेप न लावता माप सांगायच्या. माझ्या बायकोला, मंजिरीला, त्यांनी जिन्यातच सांगितलं होतं, "चौतीस, आणि उजवा खांदा स्वल्प पुढं. कॉम्प्युटर?" मंजिरी आठ दिवस ताठ बसत होती.

या बाईंना कारवारहून मंगळूरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, स्वतः शिवलेल्या होडीतून, एकटीने जायचं होतं. वीस-बावीस दिवस. पहाटे निघायचं, दुपारचा वारा उठायच्या आत वाळूवर यायचं, होडी उचलून भरतीच्या रेषेच्या वर न्यायची, तिथेच किंवा जवळच्या कोळ्यांच्या वस्तीत राहायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात. यात मला समुद्र कठीण वाटत होता. अक्कांना कठीण वाटत होतं ते उचलणं.

"पाण्यात होडी पाणी उचलतं," त्या म्हणायच्या. "वाळूवर कोण उचलणार? कुणीतरी येईल म्हणून थांबायचं नाही मला. जे मला एकटीला उचलता येत नाही, ते मी नेणार नाही."

जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर, शिंप्याच्या निळ्या खडूने, सगळ्यात वर लिहिलं होतं: ३४. त्याभोवती गोल. त्याखाली एकेक वस्तू आणि तिचं वजन. होडी, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं, तरंगतं जाकीट, पाणी, ताडपत्री, मच्छरदाणी, खाणं, औषधं, सगळं मिळून चौतीस किलो. त्याच्या वर एक ग्रॅम नाही. मोठ्या वस्तूंसाठी पाण्याच्या पाइपाला एक हुकाचा काटा टांगलेला असे, छोट्यांसाठी स्वयंपाकघरातला. गच्चीवर जो येईल त्याच्या हातातली वस्तू आधी काट्यावर जायची. गॅसवाल्याचा पाना गेला, मंजिरीचा मोबाइल गेला, शेजारच्या मांजरालाही एकदा हुकाला पिशवी लावून मोजलं. मांजर नंतर गच्चीवर आलं नाही.

मी पेशाने संगणकवाला. भिंतीवर खडूने हिशेब पाहून माझा जीव कासावीस झाला. एका रविवारी बसून मी सगळी यादी लॅपटॉपवर घेतली, रंग दिले, बेरजा आपोआप होतील असं केलं, आणि मोठ्या ऐटीत त्यांना दाखवायला गेलो. अक्कांनी लॅपटॉप हातात घेतला, कौतुकाने पाहिला, आणि काट्यावर ठेवला.

"एक किलो नऊशे," म्हणाल्या. "भिंत मला न्यायची नाही, पुणेकर. ती इथंच राहणार."

मी राग गिळला. मला राग लवकर येतो आणि गिळायला वेळ लागतो, हे मंजिरी सांगेल. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मी पुन्हा वर गेलोच. त्यानंतर रोज जाऊ लागलो. काही करत नसे मी. दोऱ्याचं टोक धर म्हटलं की धरायचं, सरक म्हटलं की सरकायचं.

त्या गच्चीवर वजन कमी करण्याचे जे प्रकार मी पाहिले, ते सांगितले तर लोकांना खोटं वाटेल. दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापलेला. कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्या उसवून काढलेल्या. टॉवेलच्या जागी जुन्या सुती साडीचा हातभर तुकडा. औषधांच्या गोळ्यांची पाकिटं कडेने कातरलेली, त्यात नाव आणि तारीख मात्र जपलेली. शेंगदाण्याचे लाडू त्या स्वतः वळत, प्रत्येक चाळीस ग्रॅमचा, आणि एखादा बेचाळीस भरला तर वरचे दोन ग्रॅम चिमटीने काढून माझ्या हातावर ठेवत. मंजिरीने हौसेने डबाभर चकल्या करून दिल्या. अक्कांनी डबा मोजला, चकल्या मोजल्या, मग शांतपणे म्हणाल्या, "मंजिरी, चकलीला मध्ये भोक असतं. डब्यात निम्मी हवा जाते. चुरा करून दे." मंजिरीने चुरा करून दिला. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण ती हसत होती.

देवांचं तर विचारूच नका. बातमी गल्लीत पसरली तशी एकेक बाई फोटो घेऊन यायला लागली. बनशंकरी देवी, मारुती, राघवेंद्रस्वामी, आणखी कोण कोण, सगळे काचेच्या चौकटीत. अक्कांनी कुणाला नाही म्हटलं नाही. पंगतीत मांडावेत तसे सगळे मांडले, एकत्र पिशवीत घालून हुकाला लावले.

"देव एकंदर दोन किलो चारशे," त्यांनी मला सांगितलं. मग एकेकाला बाहेर काढून पुसलं, देवघरात लावलं आणि हात जोडून म्हणाल्या, "तुम्ही सगळे इथनंच बघा. साकु."

साकु म्हणजे पुरे. हा त्यांचा सगळ्यात आवडता शब्द होता. चहात साखर घालताना, रिक्षावाला वाद घालताना, टीव्हीवर बातम्या चालू असताना, त्या दोन बोटं वर करून म्हणत, साकु. ते एकदा म्हटलं की विषय संपला.

पण काटेकोर माणसाचीही फजिती होते, आणि अक्कांची झाली ती त्यांच्या स्वतःच्या हातामुळे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सांगाड्यावर कापड चढलं. जाड नायलॉनचं, पांढरं. सोळा फूट लांब होडीला त्यांनी एकटीने हाताने शिवलं, वाकड्या सुईने, वरच्या बाजूला मधोमध एकच शिवण. टाके असे की मला दोन फुटांवरून दिसत नव्हते. त्यावर पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरून रोगणाचे चार हात दिले. वाळल्यावर होडी भरली साडेतेरा किलो. तो आकडा त्यांनी भिंतीवर लिहिला. मग शहराबाहेरच्या एका तलावावर परवानगी काढून आम्ही ती टेम्पोवरून नेली. अक्का आत बसल्या. बसल्या म्हणजे होडी अंगात घातलीच. ती होडी त्यांच्या कमरेच्या मापाची होती, दुसऱ्या कुणाला त्यात शिरता आलं नसतं. राखणदार काठावर उभा राहून "येनम्मा इदु, येनम्मा इदु" करत राहिला, आणि हे काय म्हणून तो विचारत असताना अक्का तलावाच्या मध्यावर पोचल्यादेखील होत्या.

दोन तास वल्हवून, एकदा मुद्दाम उलटून, परत आत बसून, त्या काठावर आल्या. चेहरा असा की मला वाटलं आता गाणं म्हणतील. आतलं पाणी स्पंजने टिपलं, होडी पुसली, आणि घरी येऊन काट्याला लावली. पंधरा किलो.

त्यांनी काटा झटकला. पुन्हा लावली. पंधरा.

"कुठं गेलं?" त्या म्हणाल्या. "म्हणजे कुठनं आलं?"

दोन दिवस उन्हात ठेवली तरी वजन उतरेना. मग त्यांनी होडीत डोकं घालून टॉर्च मारला आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. मी विचारलं, काय झालं? आतून आवाज आला, "दाब."

बायकांना ठाऊक असतं, मला नव्हतं. ब्लाउज शिवताना शिवणीच्या आत दीड-दोन इंच कापड जास्त ठेवतात, दुमडून. पुढे अंग भरलं तर टाके उसवून तेवढं सोडता येतं. त्याला दाब म्हणतात. दाब न ठेवणारी शिंपीण ही अक्कांच्या घराण्यात माणसात जमा नव्हती. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या हाताने होडीलाही दाब ठेवला होता, सोळा फूट, दोन्ही बाजूंनी दोन दोन इंच, छान दुमडून. रोगण फक्त बाहेरून. आतल्या दुमडीत पाणी शिरलं होतं आणि ते तिथून हलायचं नाव घेत नव्हतं.

"अक्का," मी म्हणालो, "होडी काही लग्नानंतर जाड होणार नाही."

एरवी त्या हसल्या असत्या. तेव्हा हसल्या नाहीत. दोन्ही टोकांना होडी निमुळती होत बंद झालेली, तिथपर्यंत हात पोचत नव्हता. रोगण बसलेले टाके उसवत नाहीत. आणि वेळ नव्हता. जानेवारीत निघायलाच हवं होतं, कारण पुढे दुपारचा वारा चढत जातो आणि मार्चपासून तो सकाळीच उठायला लागतो. मी म्हटलं, दीड किलोने काय बिघडतं? पाणी कमी न्या, लाडू कमी न्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खाली गेल्या आणि त्यांच्या वडिलांची कात्री घेऊन आल्या. अप्पांची कात्री, घरात तिला नावच होतं ते. काळी, जड, मुठीला कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. दुकानात ती दुसऱ्या कुणाला हातात घेता येत नसे. अक्कांनी होडीच्या टोकाशी कात्री लावली आणि एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत कापड फाडत नेलं. तीन आठवड्यांचं काम. मी तोंड फिरवलं. आवाज मात्र ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नवं कापड सांगाड्यावर चढलेलं होतं. या वेळी दाब ठेवला नाही. हाताला सवय नव्हती म्हणून प्रत्येक वीतभर शिवणीनंतर त्या थांबत आणि जास्तीचं कापड टाक्याच्या अगदी जवळ कातरून टाकत. "आता सोडायला काही नाही," एकदा म्हणाल्या. "बसलं तर बसलं." आवाजात थोडी भीतीही होती. मी ती ऐकली आणि न ऐकल्यासारखं केलं.

चौतीसच का, हे मी त्यांना कितीदा तरी विचारलं होतं. "तेवढं मला येतं," एवढंच त्या म्हणत. मला वाटे इंटरनेटवर कुठे वाचलं असेल. खरं कारण कळलं ते सीनू आला त्या रविवारी.

सीनू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ श्रीनिवास. राजाजीनगरला राहायचा, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, पन्नाशीचा, उंच, देखणा, भीतीने पटकन घाम येणारा. दर रविवारी अकराला यायचा, उप्पीट खायचा, बाराला जायचा. वाईट माणूस नव्हता. होडीच्या बाबतीत त्याने सुरुवातीला हसून सोडून दिलं होतं, कारण त्याला वाटलं होतं ती पुरी होणारच नाही. आता ती पुरी झाली होती आणि अक्कांना त्याची सही हवी होती.

तेही सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या पोलीस चौक्यांना कळवून जायचं म्हणून अक्कांनी रीतसर पत्रं दिली होती. एका चौकीतल्या साहेबांनी सांगितलं की एकट्या बाईला असं सोडता येत नाही, घरच्या माणसाची संमती लेखी आणा. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला संमती कोण देणार? आई नाही, वडील नाहीत, लग्न केलेलं नाही. उरला सीनू. ज्याला त्यांनी कडेवर खेळवलं, त्याची परवानगी आणायची होती. मी संतापून त्या साहेबांना चार पानी पत्र लिहायला निघालो होतो. अक्का म्हणाल्या, "पत्राचं वजन किती? सोडा."

तर त्या रविवारी सीनूने कागद वाचला, घडी करून खिशात घातला, आणि म्हणाला, "अक्का, सही करतो. पण मागनं मोटारबोट येणार. मी ठरवतो. दोन माणसं असतील त्यात. तू पुढं, ती मागं."

"बेडा," अक्का म्हणाल्या. नको.

"का नको? तुझा खांदा बघ. तुला काही झालं तर लोक मला काय म्हणतील?"

"लोक तुला आजवर काही म्हणाले नाहीत, सीनू. आता पण म्हणणार नाहीत."

त्याने घाम पुसला. मग म्हणाला, "तुला झेपणार नाही गं. एवढंच म्हणतोय मी."

गच्चीवर होडी सगळ्या सामानासह भरून ठेवलेली होती, रोज सकाळी भरून उचलायचा सराव चालायचा म्हणून. अक्कांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"उचल."

सीनू हसला. बाह्या सरसावल्या, खाली वाकला, होडीच्या मध्यावर हात घातला आणि उचलली. गुडघ्यापर्यंत आली. मांडीवर टेकवून खांद्यावर घ्यायला गेला तशी ती एका टोकाला झुकली. तो दोन पावलं भेलकांडला आणि मी धावून धरली नसती तर टाकीवर आपटली असती. त्याने ती खाली ठेवली. त्याचा श्वास लागला होता.

अक्का पुढे आल्या. घाई केली नाही. एक गुडघा टेकला, होडी मांडीवर ओढून घेतली, हात खालून घातला, क्षणभर तशाच थांबल्या, आणि मग पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर, उठल्या. होडी उजव्या खांद्यावर बसली होती. डावा हात वर जाऊन तिला नुसता धरून होता. गच्चीच्या एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत त्या चालत गेल्या आणि परत आल्या आणि तशाच सावकाश गुडघा टेकून खाली ठेवली.

"चौतीस किलो," त्या म्हणाल्या. "आईचं शेवटचं वजन. दवाखान्यात काट्यावर घातलं होतं तेव्हा मीच बघितलं. अकरा वर्षं, सीनू. सकाळी उचलायचं, न्हाणीत न्यायचं, परत आणायचं. दुपारी कूस बदलायची. आधी ती जास्त होती, तेव्हा हा खांदा गेला. मग कमी कमी होत गेली. मला कसं वाकायचं, कुठं धरायचं, कुठं थांबायचं, सगळं येतं. तू हे वजन कधी उचललंच नाहीस, म्हणून तुला माहीत नाही."

आवाज चढला नव्हता. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण तिथेच उभा राहिलो.

"मी यायचो की अक्का," सीनू म्हणाला.

"यायचास. उप्पीट खायचास. मला राग नाही रे त्याचा. मला आवडायचं तू आलेलं. पण अकरा वर्षं मी या घराबाहेर एक रात्र झोपले नाही. आई गेल्यावर दुकानातल्या बायकांबरोबर होन्नावरला गेले, सहलीला. खाडीत एक बाई एवढ्याशा होडीत बसून शिंपल्या काढत होती. मला म्हणाली, बस. मी बसले. आणि सीनू, सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी उचललं." त्यांनी होडीवर हात ठेवला. "मला ते पुन्हा पाहिजे. एकटीला पाहिजे. मागनं मोटारीचा आवाज नको. सही करायची नसेल तर नको करू. मी दुसरा रस्ता बघेन, पण जाईन."

सीनू त्या दिवशी बारा वाजायच्या आत गेला. कागद त्याच्या खिशातच राहिला. उप्पीट तसंच पडलं. अक्कांनी ते मला दिलं आणि मी, काय करणार, खाल्लं.

तो आठवडा वाईट गेला. अक्का रोज होडी भरत, उचलत, चालत, रिकामी करत. दुसरा रस्ता कोणता हे त्यांनाही माहीत नव्हतं. मंजिरी म्हणायची, मी सही करते, मी बहीण म्हणून सांगते. अक्का म्हणायच्या, "खोटं पण वजनदार असतं, मंजिरी."

पुढच्या रविवारी अकराला बेल वाजली. सीनू जिना चढून थेट गच्चीवर आला. हातात एक पिवळी डबी होती, साबणदाणीएवढी. संकटात बटण दाबलं की उपग्रहावरून आपण कुठे आहोत ते कळवणारं यंत्र. त्याने ते अक्कांच्या हातात दिलं आणि वर तो घडी केलेला कागद ठेवला. सही झाली होती.

"बोट नाही पाठवत," तो म्हणाला. "पण हे ने. एवढं ने, अक्का."

आता अक्का काय करतील हे मला माहीत होतं आणि तरी मी श्वास रोखून पाहत होतो. त्यांनी डबी छोट्या काट्यावर ठेवली. तीनशे ऐंशी ग्रॅम. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. बेरीज बरोबर चौतीस होती, गेल्या पंधरा दिवसांपासून. सीनूने पण भिंतीकडे पाहिलं. त्याला कळलं. तो डबी परत घ्यायला हात पुढे करणार, तेवढ्यात अक्का खाली बसल्या, दुरुस्तीच्या सामानाची पिशवी सोडली आणि आतून अप्पांची कात्री काढली. समुद्रात कापड फाटलं तर कापायला म्हणून तीच न्यायची, असा त्यांचा हट्ट होता. मी शंभरदा सांगितलं होतं की पाच ग्रॅमचं ब्लेड पुरे आहे. ते एक वाक्य सोडलं तर वजनाबाबत त्यांनी माझं सगळं ऐकून तरी घेतलं होतं.

कात्री काट्यावर ठेवली. तीनशे नव्वद.

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. "ब्लेड नेते." आणि कात्री सीनूच्या हातात दिली. "मी येईपर्यंत तुझ्याकडं ठेव. कागद कापू नकोस तिनं."

सीनूने कात्री दोन्ही हातांत धरली. शिंप्याच्या घरात जन्मून त्याने ती कधी धरली नव्हती. मग तो खाली गेला आणि दोन ताटल्या उप्पीट खाल्लं.

अक्का मंगळूरला पोचल्या. चोविसाव्या दिवशी, दोन दिवस उशिरा, कारण एका नदीच्या मुखाशी लाटा फुटत होत्या आणि त्या कोळ्यांनी जा म्हणेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. डबीचं बटण एकदाही दाबलं नाही. पोचल्यावर त्यांनी मला फोन केला तो मासळी उतरवायच्या धक्क्यावरून. तिथल्या मोठ्या काट्यावर त्यांनी होडी मोजून घेतली होती आणि आकडा सांगायचा होता. पंधरवड्यात त्या परत जयनगरच्या दुकानात ब्लाउज कापत होत्या. ज्या बायका विचारतील त्यांना सांगायच्या, समुद्र चांगला आहे, स्वल्प ओला आहे.

गेल्या वर्षी आम्ही पुण्याला परतलो. इथे माझ्या स्वयंपाकघरात एक छोटा काटा आहे आणि मी काय काय मोजतो हे मंजिरीने कुणाला सांगू नये अशी माझी इच्छा आहे. अक्कांची आठवण येते, फार येते. आणि आली की मला त्यांची गच्ची किंवा मंगळूरचा धक्का दिसत नाही. कारवारची वाळू दिसते.

आम्ही तिघं त्यांना सोडायला गेलो होतो. मी, मंजिरी आणि सीनू. सकाळ नुकतीच उजाडली होती, समुद्र सपाट होता. टेम्पोवरून होडी वाळूवर उतरवली तेवढीच आम्ही. तिथून पाणी शंभरेक पावलं होतं.

"आता कुणी हात लावायचा नाही," अक्का म्हणाल्या.

गुडघा टेकला. मांडीवर घेतली. थांबल्या. उठल्या. पावलं वाळूत रुतत होती आणि गच्चीवर रुतायची नाहीत. तेवढा एक हिशेब भिंतीवर नव्हता. निम्म्या वाटेत त्यांचा डावा खांदा थरथरायला लागलेला मला मागून दिसला. मंजिरीने माझा दंड घट्ट धरला होता. सीनू कात्री घेऊन आला होता, का ते देव जाणे, आणि ती छातीशी धरून तो त्यांच्या मागे दहा पावलांवर चालत होता, त्या थांबल्या की थांबत, निघाल्या की निघत. एकदा त्या खूप वेळ थांबल्या. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

त्या पाण्यापर्यंत पोचल्या. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत आत गेल्या आणि वाकून होडी खाली सोडली. ती तरंगली. अक्का कमरेवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या, पाठ आमच्याकडे, श्वास घेत. मग मान वळवून त्यांनी सीनूकडे पाहिलं. तो पँट भिजवून गुडघाभर पाण्यात उभा होता आणि ढसढसा रडत होता, पन्नाशीचा माणूस.

"ये," त्या म्हणाल्या. "आता धर. आता वजन नाही तिला."

सीनूने कात्री कमरेला खोचली आणि दोन्ही हातांनी होडी धरली, अक्का आत बसेपर्यंत.